सांचीला पहिल्यांदा जाताय? स्तूपाभोवती तीन फेऱ्या मारा

खिशात दोनशेची नोट असेल तर तिची मागची बाजू बघा. तिथे छापलेला घुमट सांचीचा आहे. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, वंदनेच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हा स्तूप आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर तो लगेच ओळखीचा वाटतो. मग एक फेरी होते, दगडी प्रवेशतोरणापुढे घरच्यांचा फोटो निघतो आणि पाऊण तासात मंडळी परत गाडीत. यातले कितीतरी लोक मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेले असतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. सांचीत बघण्यासारखं भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं बारीक आहे, डोळ्यांच्या उंचीच्या वर आहे, आणि कुठे शोधायचं हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. तेच इथे सांगतो.

तुम्ही श्रद्धेने जात असाल किंवा इतिहासाच्या ओढीने, सांचीत करायचं काम एकच आहे: स्तूपाला उजव्या हाताला ठेवून चालणं. माझं सांगणं एवढंच की एक फेरी मारून थांबू नका. तीन मारा, आणि प्रत्येक फेरीला काय बघायचं ते आधी ठरवून घ्या.

निघण्याआधी एवढं लक्षात असू द्या

भगवान बुद्ध सांचीला कधी आले नव्हते. लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर यांचं त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांशी जसं नातं आहे, तसं सांचीचं नाही. मग एवढा मोठा स्तूप इथेच का? कारण जवळचं विदिशा. आज तिथे जिल्ह्याचं गाव आहे, पण मौर्यांच्या काळात ते मोठ्या व्यापारी मार्गावरचं श्रीमंत शहर होतं. सम्राट होण्याआधी अशोक उज्जैनला कारभार पाहत होता. श्रीलंकेच्या परंपरेनुसार त्याच सुमारास विदिशेच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, देवीशी, त्याचा विवाह झाला. महेंद्र आणि संघमित्रा ही तिची मुलं. लंकेला धम्म घेऊन निघण्यापूर्वी महेंद्र आईला भेटायला आला आणि इथल्या टेकडीवरच्या विहारात राहिला, अशी कथा आहे. सांचीत भेटणारे श्रीलंकेचे यात्रेकरू एवढ्या आत्मीयतेने का वागतात, ते यावरून कळतं. त्यांच्या धम्माची वाट इथून सुरू होते.

दुसरी गोष्ट म्हणजे, समोर दिसतो तो स्तूप अशोकाने बांधलेला नाही. अशोकाचा स्तूप विटांचा होता, आताच्या साधारण निम्म्या आकाराचा, आणि तो आजही या घुमटाच्या पोटात आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, शुंगांच्या काळात, त्यावर दगडी आवरण चढवून तो वाढवला गेला. भोवतीचा दगडी कठडाही त्यानंतरचा. कोरीव तोरणं उभी राहिली ती सातवाहनांच्या वेळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास. पैठणचे सातवाहन आपल्याला घरचे, म्हणून मराठी माणसाने हे विशेष लक्षात ठेवावं. तोरणांच्या आत बसलेल्या चार बुद्धमूर्ती तर पाचव्या शतकातल्या, गुप्तकाळातल्या आहेत. म्हणजे एका नजरेत सातशे वर्षांची बांधकामं एकत्र दिसतात.

नागपूरची दीक्षाभूमी पाहिलेल्यांसाठी आणखी एक सूचना. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर असला तरी आतून पोकळ आहे, आपण त्याच्या आत जाऊन बसतो. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याला दार नाही, आत गाभारा नाही. वंदना करायची ती बाहेरून, चालत. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवलं तर "आत कधी जायचं?" हा प्रश्न येत नाही.

कधी जायचं, कसं पोचायचं

ऑक्टोबर ते मार्च उत्तम. बुद्धपौर्णिमेला जायची इच्छा अनेकांना असते, पण वैशाखातलं मध्य प्रदेशचं ऊन साधं नसतं आणि टेकडीवर सावली बेताची आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तो दिवस टाळायला सांगेन. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते आणि गर्दीही कमी असते. फक्त ओल्या फरसबंदीवर पाय जपून टाकावा लागतो.

धातुदर्शन, म्हणजे पवित्र अस्थींचं दर्शन, हवं असेल तर नोव्हेंबरचा शेवट गाठा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

सांची रायसेन जिल्ह्यात आहे, भोपाळपासून सुमारे ४६ किलोमीटरवर. मुंबई, पुणे, नागपूर तिन्हीकडून भोपाळला थेट गाड्या आहेत. सांचीलाही स्टेशन आहे, भोपाळ-बीना मार्गावर, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. त्यामुळे नवख्यांनी भोपाळला उतरून बस किंवा टॅक्सी करणं सोयीचं. दुसरा मार्ग म्हणजे विदिशाला उतरणं. तिथून सांची दहाएक किलोमीटर आहे, रिक्षानेही जाता येतं. भोपाळहून रस्त्याने येताना वाटेत कर्कवृत्त ओलांडलं जातं. रस्त्यावर तशी खूण केलेली आहे, मुलांना दाखवण्यासारखी.

एक रात्र सांचीतच राहा, हा माझा आग्रह आहे. भोपाळहून सकाळी निघून दुपारी परत, असा बेत केला की ऐन उन्हाच्या वेळी आपण टेकडीवर असतो आणि घड्याळाकडे बघत फिरतो. गावात मध्य प्रदेश पर्यटनाचं हॉटेल आहे, महाबोधी सोसायटीचं यात्रेकरूंसाठी विश्रामगृह आहे, काही छोटे लॉजही आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी मात्र आधी फोन करून खोली पक्की केल्याशिवाय निघू नका.

तिकीट आणि बरोबर काय घ्यावं

स्मारक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडं असतं. तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं आहे. जागतिक वारसा यादीतल्या स्मारकांसाठी भारतीयांना ४० रुपये हा जो दर आहे तोच इथे लागतो, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन काढलं तर रांग वाचते. पुरातत्त्व संग्रहालय टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि ते शुक्रवारी बंद असतं. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांची निराशा होते, तेव्हा वार बघून आरक्षण करा.

टेकडी साधारण ९० मीटर उंच आहे. वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनाही महास्तूप (मुख्य मोठा स्तूप), स्तूप क्रमांक ३ आणि आजूबाजूची मंदिरं नीट पाहता येतात. स्तूप क्रमांक २ तेवढा उतारावर खाली आहे आणि तिथून परत चढून यावं लागतं.

बरोबर पाणी, टोपी आणि एक छोटी दुर्बीण घ्या. दुर्बीण खरंच घ्या. तोरणांच्या तुळया उंच आहेत आणि त्यांवरची शिल्पं हातभर सुद्धा नाहीत. मोबाइलचा झूम कामाला येतो, पण दुर्बिणीची सर त्याला नाही. अधिकृत गाइड मिळाला तर त्याला सुरुवातीलाच सांगा, "आम्हाला तोरणांवरच्या जातककथा एकेक करून दाखवा." (जातककथा म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी.) चांगला गाइड असेल तर तो खुलतो.

पहिली फेरी: नुसतं चाला

सकाळी दार उघडताच वर जा. संग्रहालय दुपारच्या उन्हासाठी ठेवा.

पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीत राहू द्या. स्तूपाच्या भागांची नावं मात्र मनात म्हणत चला, म्हणजे पुढे कुठलाही स्तूप पाहताना उपयोगी पडतात. मधला मोठा गोल म्हणजे अंड. त्याच्या पायाशी जो उंच गोल चौथरा आहे ती मेधी, तिच्यावर जायला दक्षिणेकडून दुहेरी जिना आहे. अंडाचा माथा सपाट केलेला दिसतो, त्यावर चौकोनी कठडा आहे, ती हर्मिका, आणि तिच्या मधोमध दांड्यावर एकावर एक तीन छत्रं. जमिनीवरून स्तूपाला वेढणारा दगडी कठडा म्हणजे वेदिका. स्तूपाचा व्यास साधारण ३६.६ मीटर आणि उंची साडेसोळा मीटर आहे. आकडे वाचून अंदाज येत नाही. वेदिकेच्या आतल्या वाटेवर आपण शिरलो आणि एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला मेधीची भिंत आली की कळतं. बाहेरचं जग दिसेनासं होतं. वर आकाश आणि पायाखाली वळत जाणारी वाट, एवढंच राहतं.

वेदिकेला हात न लावता जवळून बघा. उभे खांब, त्यांच्या खाचांमध्ये अडकवलेल्या आडव्या दगडी पट्ट्या, आणि वर गोलसर माथ्याची कड. ही सगळी रीत सुताराची आहे. लाकडी कुंपणात जसे सांधे करतात तसेच दगडात केलेत. लाकडात काम करणारे हात नुकतेच दगडाकडे वळत होते, ते इथे दिसतं. कार्ले किंवा भाजे पाहिलं असेल तर तिथल्या छताच्या लाकडी वाश्यांची लगेच आठवण येईल.

वंदना म्हणायची असेल तर ती या फेरीनंतर, एका बाजूला बसून म्हणा. त्रिशरण-पंचशील म्हणायला पाच मिनिटं लागतात आणि सकाळच्या वेळी कुणाची अडचणही होत नाही.

दुसरी फेरी: चार तोरणं

आता वेळ लागणार आहे. चारही दिशांना एकेक तोरण आहे: दोन चौकोनी खांब, त्यांवर किंचित कमानदार अशा तीन आडव्या तुळया, टोकांना वळी. शिल्पं पुढे, मागे आणि बाजूंनाही आहेत, म्हणून प्रत्येक तोरण बाहेरून पाहून झालं की आत येऊन मागे वळून बघायचं.

उन्हाचा हिशेब साधा आहे. सकाळी पूर्वेच्या तोरणाची बाहेरची बाजू उजळते, दुपारनंतर पश्चिमेची. हिवाळ्यात दक्षिणेला जवळपास दिवसभर ऊन असतं. उत्तरेच्या तोरणाचा दर्शनी भाग हिवाळ्यात सावलीतच राहतो. त्यामुळे सुरुवात पूर्वेपासून करा.

एक किल्ली आधी देतो, तिच्याशिवाय काहीच उलगडणार नाही. या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कुठेच नाहीत. जिथे ते आहेत तिथे बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे, धम्मचक्र आहे, पावलांचे ठसे आहेत किंवा छत्र आहे. तोरणं कोरली गेली तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत इथे आलेली नव्हती. त्यामुळे शिल्पात गर्दी दिसली की आधी शोधायचं, या सगळ्यांच्या मध्ये मोकळी जागा कुठे ठेवलीय.

पूर्व तोरणाची मधली तुळई, बाहेरची बाजू. इथे निदान दहा मिनिटं द्या. डावीकडे कपिलवस्तू: तट, वेस, सज्जांमधून डोकावणारी माणसं. वेशीतून एक घोडा बाहेर पडतोय. त्याच्या पाठीवर कुणी नाही, पण वर कुणीतरी छत्र धरलंय. जरा उजवीकडे पुन्हा तोच घोडा, पुन्हा रिकामी पाठ आणि वर छत्र. मग पुन्हा, आणि पुन्हा. हे चार वेगळे घोडे नाहीत. हा एकटा कंथक आहे, सिद्धार्थ गौतमाला घेऊन मध्यरात्री निघालेला, आणि शिल्पकाराने त्याला पावलापावलाने पुढे नेलाय. टापांचा आवाज होऊन नगर जागं होऊ नये म्हणून त्याचे खूर खालून तळहातांवर झेललेत. उजव्या टोकाला पोचलं की घोड्यावरचं छत्र नाहीसं होतं आणि ते दिसतं पावलांच्या ठशांवर. सिद्धार्थ उतरले. त्यांचा सारथी छन्न त्या पावलांपुढे गुडघे टेकून बसलाय. आणि त्याच्या खाली घोडा परत फिरलाय, डावीकडे तोंड करून, आता छत्राविना. गृहत्यागाची अख्खी रात्र एका तुळईत मावली आहे, आणि ज्याची ही गोष्ट आहे तो एकदाही दिसत नाही. माझ्या मते भारतीय शिल्पकलेत याच्या तोडीची मांडणी फार थोडी आहे.

याच तोरणाच्या खालच्या तुळईवर अशोक बोधिवृक्षाच्या दर्शनाला आलाय, हत्तीवरून उतरतोय. आणि तुळईच्या टोकाखाली, झाडाच्या फांदीला हात घालून बाहेर झेपावलेली यक्षी आहे, ती सुप्रसिद्ध शालभंजिका. हिचे फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढाल. एकदा खाली येऊन बाजूनेही बघा, म्हणजे ती दगडातून किती मोकळी कोरली आहे ते लक्षात येईल.

दक्षिण तोरण सर्वांत जुनं. मुख्य प्रवेश हाच होता, म्हणूनच जिना इकडे आहे आणि अशोकस्तंभही इथेच. या तोरणाच्या खांबांवर पाठीला पाठ लावून बसलेले सिंह आहेत, तर पूर्व आणि उत्तरेला हत्ती आणि पश्चिमेला पोट सुटलेले बुटके यक्ष. दिशा चुकली तर ही खूण कामाला येते. तुळईवर रामग्रामच्या स्तूपाला निघालेला अशोकाचा लवाजमा आहे. शिवाय बुद्धांच्या अस्थींसाठी कुशीनगरापुढे जमलेल्या सैन्यांचा देखावाही आहे.

पश्चिम तोरणाच्या खांबावर महाकपी जातक शोधा. नदीवर आपलं अंग ताणून वानरराजाने पूल केलाय आणि त्याची प्रजा त्याच्या पाठीवरून पलीकडे जातेय. मुलांना सांगायला याहून सोपी गोष्ट नाही.

उत्तर तोरण सगळ्यांत चांगलं टिकलंय. माथ्यावर भंगलेलं धम्मचक्र आणि बाजूला त्रिरत्न (बुद्ध, धम्म, संघ यांचं चिन्ह) अजून जागेवर आहे. सर्वांत खालच्या तुळईवर वेस्संतर जातक. हत्ती, रथ, घोडे, मुलं आणि शेवटी पत्नीसुद्धा दान करून टाकणाऱ्या राजपुत्राची ही कथा पुढच्या बाजूला सुरू होते आणि मागच्या बाजूला संपते. त्यामुळे इथे आत-बाहेर करावंच लागतं. कथा आधी वाचून गेलात तर प्रसंग भराभर ओळखू येतात.

तिसरी फेरी: अक्षरं

बहुतेक गाइड ही फेरी गाळतात. माझ्या दृष्टीने सांचीचं मर्म हिच्यात आहे.

वेदिकेच्या खांबांवर आणि फरसबंदीवर ब्राह्मी लिपीतली छोटी छोटी वाक्यं कोरली आहेत. सांचीत असे सहाशेहून अधिक लेख सापडले आहेत आणि त्यांतले बहुतेक दानलेख आहेत: अमक्या गावच्या अमक्याचं दान. ब्राह्मी येत नसली तरी ते ओळखता येतात. लेखाचं शेवटचं अक्षर बघा. आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ, आणि तिच्या वर उजवीकडे एक ठिपका. हे 'नं'. त्याच्या आधीचं अक्षर 'दा'. म्हणजे झालं 'दानं'. एका लेखात सापडलं की मग ते जिकडेतिकडे दिसू लागतं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानेही असंच पाहिलं होतं. सांचीच्या लेखांचे ठसे समोर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लेख याच अक्षरांनी संपतात, म्हणजे हे दानाचे उल्लेख असणार. तिथून ब्राह्मीचं कुलूप उघडलं आणि अशोकाचे शिलालेख वाचता येऊ लागले.

ही दानं कुणाची? राजेरजवाड्यांची फारच थोडी. विणकर आहेत, व्यापारी आहेत, राजाचा लेखनिक आहे, गृहिणी आहेत, भिक्षू आहेत आणि जवळपास त्यांच्याच बरोबरीने भिक्षुणी आहेत. उज्जैनचे लोक आहेत, माहिष्मतीचे आहेत. कुणी एक पट्टी दिली, कुणी एक खांब. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी लिहून ठेवलंय की हे कोरीवकाम त्यांनी केलं. हस्तिदंतावर काम करणारा हात आहे हे कळलं की तोरणांवरचा एवढा बारकावा कुठून आला ते समजतं. त्याच तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर, मधोमध कोरलेल्या स्तूपाच्या अंगावर, दुसरा महत्त्वाचा लेख आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं दान. नाशिकच्या, नाणेघाटच्या लेण्यांत ज्या राजघराण्याचे लेख आपण पाहतो, त्याच घराण्याच्या राजाचं नाव इथे विदिशेजवळच्या टेकडीवर वाचायला मिळतं. दुर्बीण इथे लावा.

आणि हो, हा स्तूप इतक्या सामान्य माणसांनी उभा केला हे समजल्यावर, पहिल्या फेरीत ज्या कठड्याजवळून आपण सहज चालत गेलो त्याच्याकडे तिसऱ्या फेरीत तसं बघता येत नाही.

टेकडीवरचं बाकीचं

दक्षिण तोरणाजवळ अशोकस्तंभाचा बुंधा आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्याची चकाकी तशीच आहे. एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तो फोडला, असं सांगतात. त्यावरची आज्ञा कडक आहे: जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडेल त्याला पांढरे कपडे घालायला लावून विहाराबाहेर ठेवावं. या स्तंभाचा चार सिंहांचा शीर्षभाग खालच्या संग्रहालयात आहे. आपल्या राजमुद्रेवरच्या सारनाथच्या सिंहांचा तो सख्खा भाऊ शोभेल.

स्तूप क्रमांक ३ महास्तूपाच्या ईशान्येला आहे, आकाराने लहान आणि एकाच तोरणाचा. श्रद्धाळूंनी इथे न चुकता थांबावं. १८५१ मध्ये इंग्रज संशोधक अलेक्झांडर कनिंगहॅमने तो उघडला तेव्हा आत दोन दगडी पेट्या मिळाल्या, एकीवर सारिपुत्तांचं नाव आणि दुसरीवर महामोग्गलानांचं. हे बुद्धांचे दोन अग्रश्रावक, म्हणजे प्रमुख शिष्य. सारिपुत्तांची पेटी दक्षिणेला होती आणि मोग्गलानांची उत्तरेला. पूर्वेकडे तोंड करून बसलं तर दक्षिण उजवीकडे येते, आणि सारिपुत्त बुद्धांच्या उजव्या हाताचे शिष्य. आतल्या कुप्यांच्या झाकणांवर शाईने एकेक अक्षर लिहिलेलं होतं, एका झाकणावर 'सा' आणि दुसऱ्यावर 'म'.

महास्तूपाच्या दक्षिणेला चैत्य क्रमांक १८ चे उंच खांब उभे आहेत. मागे अर्धगोल, म्हणजे कार्ल्याच्या चैत्यगृहाचाच आराखडा, फक्त इथे डोंगर नाही. शेजारचं सपाट छपराचं चार खांबी मंदिर क्रमांक १७ गुप्तकाळातलं आहे आणि भारतात टिकलेल्या सर्वांत जुन्या बांधीव मंदिरांपैकी एक. एवढंसं दिसतं म्हणून लोक पुढे निघून जातात.

स्तूप क्रमांक २ ला पश्चिमेच्या उतारावरून जायचं. त्याला तोरण नाही, पण वेदिकेवरची गोलाकार पदकं सांचीतलं सर्वांत जुनं कोरीवकाम आहे: कमळं, हत्ती, यक्ष, अर्धे प्राणी, अर्धी माणसं. आणि ती डोळ्यांच्या उंचीवर आहेत. इथे गर्दी फार कमी असते. पायात बळ असेल तर चुकवू नका.

विहार आणि धातुदर्शन

सारिपुत्त आणि महामोग्गलानांच्या अस्थी इंग्रजांच्या काळात लंडनला गेल्या आणि तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. १९४७ मध्ये त्या परत मिळाल्या, श्रीलंकेला गेल्या, पुढे इतर बौद्ध देशांतही लोकांनी त्यांचं दर्शन घेतलं. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी त्या सांचीला परतल्या. टेकडीवरच्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली, त्या समारंभाला पंडित नेहरू आले होते. एरवी त्या बंद तळघरात असतात. दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमाराला वार्षिक महोत्सव असतो तेव्हा त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. श्रीलंका, थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम आणि महाराष्ट्रातून गाड्या भरभरून येतात. त्या दिवशी शिल्पं बघणं विसरा, तेवढी मोकळीक मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर एक दिवस आधी पोचा किंवा एक दिवस जास्त थांबा.

विहारात चपला बाहेर काढायच्या, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पांढरे कपडे घालायलाच हवेत असं नाही, पण उपासक-उपासिका घालतात आणि ते शोभतं. भिक्षू वंदना घेत असतील तर मागे शांत बसा, फोटोआधी विचारा.

दगडाशी कसं वागावं

मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर दगडाजवळ लावू नका. काजळी वालुकाश्मात शिरते आणि ती काढायची म्हणजे दगड घासावा लागतो. फुलं वाहायची असतील तर तिथल्या कर्मचाऱ्यांना जागा विचारा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू फिरवणं, पाणी ओतणं, बोटाने गिरवणं हे तर अजिबात नको. वेदिकेच्या पट्ट्यांवर मुलांना चढवून फोटो काढू नका. मेधीवर जाण्याचा जिना उघडा असेल तर वर जा, अडवलेला असेल तर वाद घालू नका. तिपाई आणि ड्रोनसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

हे नियम आजचे आहेत असं समजू नका. तोरणांच्या लेखांमध्ये एक ताकीद कोरलेली आहे: इथलं दगडी काम जो काढेल किंवा काढायला लावेल, त्याला आईवडिलांचा घात, अर्हताचा (निर्वाण मिळवलेल्या भिक्षूचा) घात, बुद्धाचं रक्त सांडणं आणि संघभेद या महापातकांचं पाप लागेल. ती ताकीद पुढच्या लोकांनी पाळली नाही. १८१८ मध्ये जनरल टेलर इथे आला तेव्हा तीन तोरणं उभी होती. चार वर्षांनी कॅप्टन जॉन्सनने आत काय आहे ते बघायला महास्तूप वरपासून खालपर्यंत फोडला आणि त्यातून पुढे पश्चिमेचं तोरण कोसळलं. फ्रेंचांना तर पूर्वेचं तोरण पॅरिसला न्यायचं होतं. शेवटी प्लास्टरच्या प्रतिकृतींवर भागलं. भोपाळच्या शाहजहान बेगम आणि सुलतान जहान बेगम यांनी या जागेसाठी पैसा दिला, १९१२ ते १९१९ या काळात पुरातत्त्व खात्याचा प्रमुख जॉन मार्शल याने पडझड सावरली, आणि १९८९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. सुलतान जहान बेगमनी संग्रहालयासाठीही मदत केली होती. खाली उतरल्यावर ते बघाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

दुसरा दिवस असेल तर

विदिशेजवळ उदयगिरीची गुप्तकालीन लेणी आहेत. तिथला पृथ्वीला दातावर उचलणारा भव्य वराह बघाच. तिथून जवळच ग्रीक राजदूत हेलिओडोरसने उभारलेला गरुडस्तंभ आहे, गावातले लोक त्याला खांब बाबा म्हणतात. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो.

पण केवळ स्तूपांसाठी आला असाल तर मी सातधाराला जायला सांगेन. सांचीच्या पश्चिमेला, नदीच्या वळणावर, झाडीत स्तूपांचा मोठा समूह आहे. सारिपुत्त आणि मोग्गलानांच्या नावाच्या कुप्या तिथेही मिळाल्या होत्या. सोनारी, अंधेर आणि मुरेलखुर्द हे स्तूपसमूहही याच परिसरातल्या टेकड्यांवर आहेत. तिकडे सार्वजनिक वाहन मिळणं कठीण, दुकानं नाहीत, मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. सांचीतूनच दिवसभरासाठी गाडी ठरवा, रस्ता माहीत असलेला ड्रायव्हर मागा, पाणी आणि डबा बरोबर घ्या, आणि अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागा.